वाहनावरील विंच

विंच ही ड्रमवर दोर गुंडाळून ओढ निर्माण करणारी यंत्रणा आहे. चिखलात, वाळूत, नदीपात्रात किंवा निसरड्या चढावर रुतलेले वाहन बाहेर काढण्यासाठी ती वाहनाच्या पुढील, क्वचित मागील बाजूस बसवतात. विहिरीवरील रहाट आणि वाहनावरील विंच यांचे मूळ तत्त्व एकच आहे. कोकणातील यांत्रिक मासेमारी नौकांवर जाळी ओढून घेण्यासाठीही विंच असते. वाहनावरील विंचचे वेगळेपण असे की तिच्यावर येणारा भार आधी ठाऊक नसतो. चिखलाची पकड किती आहे, चाकामागे दगड अडला आहे की नाही, हे ओढ सुरू झाल्यावरच कळते. तोपर्यंत दोरात काही टनांचा ताण साठलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे विंचच्या सुरक्षित वापराचा बराचसा भाग बटण दाबण्यापूर्वीच पार पडतो.

रचना व प्रकार

विंचमध्ये मोटर, वेग कमी करून बल वाढवणारी दातेरी चक्रे, दोर गुंडाळण्याचा ड्रम, भार धरून ठेवणारा ब्रेक आणि ड्रमला चक्रांपासून मोकळा करणारा क्लच असे भाग असतात. दोर ड्रमवरून बाहेर पडताना एका मार्गदर्शक चौकटीतून जातो. तिला फेअरलीड म्हणतात. ही सर्व जुळणी वाहनाच्या चॅसीला जोडलेल्या पोलादी तबकावर बसवतात. केवळ बंपरच्या पत्र्यावर बसवलेली विंच पहिल्याच जड ओढीत पत्र्यासह उखडून येऊ शकते.

आजच्या बहुतेक विंच 12 व्होल्टच्या विद्युत मोटरवर चालतात. त्यांत ग्रहमालिका चक्रांची रचना सर्वाधिक आढळते. ती आटोपशीर व वेगवान असते, पण भार स्वतःहून धरून ठेवत नाही, म्हणून तिला वेगळा ब्रेक लागतो. वर्म चक्राची विंच संथ असली तरी वीज तुटल्यास भार जागीच धरते. काही वाहनांवर हायड्रॉलिक विंच असते, तर काही जुन्या वाहनांत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समार्गे थेट ड्रमपर्यंत नेलेली असते. हाताने तरफ हलवून चालवायची विंच मंद व कष्टाची असते, मात्र बॅटरी पाण्याखाली गेल्यावरही ती चालते आणि कोणत्याही दिशेने ओढ देऊ शकते.

इतिहास

वाहनाच्या इंजिनावर चालणाऱ्या विंचचा मोठा प्रसार दुसऱ्या महायुद्धातील लष्करी ट्रकांमुळे झाला. अमेरिकन सैन्याच्या जीएमसी आणि डॉज ट्रकांपैकी अनेकांवर पुढील बंपरपाशी अशी विंच होती. तिच्या फिरत्या दांड्यात एक मऊ धातूची खीळ असे. भार मर्यादेपलीकडे गेला की दोर तुटण्याआधी ही खीळ तुटे. तिच्या जागी टणक बोल्ट ठोकला की विंच पूर्वीपेक्षा जोरकस भासते, परंतु मग यंत्रणेतील सर्वांत कमकुवत दुवा दोर किंवा हूक ठरतो. युद्धोत्तर काळातील लँड रोव्हर वाहनांवर उभ्या दंडगोलाभोवती दोराचे काही वेढे देऊन ओढणारी कॅपस्टन विंचही मिळत असे.

अमेरिकेतील वॉर्न या कंपनीने 1959 मध्ये हौशी वाहनचालकांसाठी विद्युत विंच बाजारात आणली. याच कंपनीचे 1974 मधील 8,000 पौंड ओढीचे ‘एम 8274’ हे प्रारूप पुढे अनेक दशके स्पर्धकांच्या पसंतीचे राहिले. 1980 साली ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या कॅमल ट्रॉफी या मोहिमेने चिखलातून वाहने ओढून काढणाऱ्या चमूंची दृश्ये जगभर पोहोचवली.

दोर

परंपरेने विंचवर पोलादी तारांचा दोर असतो. खडकावर घासला तरी तो बराच काळ टिकतो आणि उष्णतेने सहजी बिघडत नाही. मात्र त्याच्या तुटलेल्या बारीक तारा हाताला खोल जखमा करतात. एकदा पीळ मोडून आढी पडली की तेवढ्या जागी त्याचे बळ कायमचे घटते. आढी ठोकून सरळ केल्याने ते परत येत नाही.

अलीकडे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनपासून बनवलेला कृत्रिम दोर अधिक वापरला जातो. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीने विकसित केलेला डायनिमा हा त्याचा प्रसिद्ध प्रकार आहे. हा दोर पोलादापेक्षा खूपच हलका असून पाण्यावर तरंगतो, त्यामुळे ओढ्यात वाहन अडकल्यास तो पलीकडे नेणे सोपे जाते. वजन व ताणले जाणे दोन्ही कमी असल्यामुळे तो तुटल्यावर पोलादी दोरापेक्षा कमी आवेगाने उसळतो. ‘कमी’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. त्याच्या टोकाशी असलेला हूक किंवा शॅकल मात्र पोलादीच असतो. हा तंतू सुमारे 150 अंश सेल्सियसला वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी दुबळा होऊ लागतो. ज्या विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, तिच्यात ताणाखाली दोर उलट सोडत राहिल्यास ड्रम तापून आतील थर कमजोर होतात. ऊन, वाळूचे कण आणि खडकाची धार हेही त्याचे शत्रू आहेत.

पोलादी दोरासाठी रूळ असलेली, तर कृत्रिम दोरासाठी गुळगुळीत कडांची अॅल्युमिनियमची फेअरलीड वापरतात. तारदोराने चरे पडलेल्या रुळांवरून कृत्रिम दोर नेल्यास तो करवतल्यासारखा कापला जातो.

ओढीचे गणित

विंचवर लिहिलेली क्षमता ही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते, आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज येथेच उद्भवतात. मोटरचे फिरते बल ठरावीक असते. दोराचे थर वाढले की ड्रमची परिणामी त्रिज्या वाढते आणि त्याच प्रमाणात ओढ घटते. 64 मिलिमीटर व्यासाचा ड्रम आणि 9 मिलिमीटर जाडीचा दोर घेतल्यास, पहिल्या थरावर 4,300 किलोग्रॅम (सुमारे 9,500 पौंड) ओढणारी विंच दुसऱ्या थरावर अंदाजे 3,450, तिसऱ्यावर 2,900 आणि चौथ्यावर जेमतेम 2,500 किलोग्रॅम ओढते. झाड वाहनापासून पाच मीटरवर असेल, तर दोर जवळजवळ पूर्ण गुंडाळलेला राहतो आणि विंच आपल्या नावावरील ओढीच्या निम्म्याच्या आसपास काम करते. म्हणून जवळच्या आधारापेक्षा दूरचा आधार बहुधा अधिक उपयोगी ठरतो.

याउलट दोर अगदी शेवटापर्यंतही सोडत नाहीत. दोराचे टोक ड्रमला ज्या खिळीने धरलेले असते, ती ओढ सोसण्यासाठी नसते. दोर धरून राहतो तो ड्रमवरील वेढ्यांच्या घर्षणाने. पोलादी दोराचे किमान पाच आणि निसरड्या कृत्रिम दोराचे आठ ते दहा वेढे ड्रमवर ठेवावे लागतात.

दुसरी बाजू विरोधाची. लष्करी वाहनांच्या रिकव्हरीत एक ढोबळ आडाखा वापरतात. चाके चिखलात बुडाली असतील तर विरोध वाहनाच्या वजनाएवढा, चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट आणि केबिनपर्यंत पोहोचला असेल तर तिप्पट धरतात. चढ असल्यास त्यात भर पडते: 15 अंशांच्या चढावर वजनाच्या सुमारे चतुर्थांश, तर 30 अंशांवर निम्मी. सामानासह 2,000 किलोग्रॅम भरणारी जीप मडगार्डपर्यंत रुतली, तर विरोध 4,000 किलोग्रॅमच्या घरात जातो. वरच्या उदाहरणातील विंच चौथ्या थरावर असेल तर ती जीप हलणार नाही. मोटर अडेल, तापेल किंवा काहीतरी तुटेल. विंचची क्षमता वाहनाच्या एकूण भारित वजनाच्या किमान दीडपट असावी, हा प्रचलित नियम साध्या रुतण्यासाठी पुरतो. खोल चिखलासाठी तोही तोकडा आहे.

विरोध कमी करणे हा ओढ वाढवण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. चाकांपुढील चिखल फावड्याने मोकळा करणे, पोटाखालील दगड काढणे, वाळूत टायरमधील हवा कमी करणे यांत दहा-पंधरा मिनिटे जातात आणि दोरावरील ताण लक्षणीय उतरतो. अनुभवी चमूंच्या सामानात फावडे विंचच्या बरोबरीने असते ते याचसाठी.

कप्पीचा उपयोग

बाजूने उघडून दोर आत घेता येणाऱ्या कप्पीला स्नॅच ब्लॉक म्हणतात. दोर विंचपासून आधाराला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत त्याच वाहनाच्या चॅसीवरील हुकात अडकवला, की वाहनावर जवळपास दुप्पट ओढ येते आणि वेग निम्मा होतो. शिवाय दोर जास्त सुटल्यामुळे ड्रमवरील थर कमी होतात, म्हणजे दुहेरी लाभ होतो. घर्षणापोटी थोडा भाग वाया जातो.

या मांडणीत आधारावर किती भार येतो, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. दोराच्या दोन्ही बाजू समांतर असतील तर झाडावर, पट्ट्यावर आणि शॅकलवर दोरातील ताणाच्या दुप्पट भार पडतो. कप्पी केवळ दिशा बदलण्यासाठी लावली, तर ओढ वाढत नाही, तरीही कप्पीच्या आधारावरील भार राहतोच: दोराच्या दोन बाजूंमधील कोन 60 अंश असेल तर ताणाच्या 1.73 पट, 90 अंश असेल तर 1.41 पट आणि 120 अंश असेल तर ताणाएवढा. दोरात तीन टन ताण असताना समांतर मांडणीतील शॅकल सहा टन सोसत असतो. 19 मिलिमीटरच्या प्रमाणित धनुष्याकृती शॅकलची कार्यमर्यादा 4.75 टन असते. मर्यादा आणि तुटण्याचा भार यांत मोठे अंतर ठेवलेले असल्यामुळे तो लगेच तुटत नाही, आणि नेमका त्यामुळेच चुकीच्या जोडणीचा सराव पडतो.

धोक्याचे स्वरूप

ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा म्हणजे ताण आणि वाढलेली लांबी यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. 30 किलोन्यूटन, म्हणजे साधारण तीन टन, ताणाखाली दोर 25 सेंटिमीटर वाढला असेल, तर त्यात 3,750 ज्यूल ऊर्जा असते. दहा किलोग्रॅमचे वजन बारा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडताना एवढीच ऊर्जा घेऊन जमिनीवर आदळते. दोर, हूक किंवा आधार यांपैकी काहीही तुटले, की ही ऊर्जा क्षणार्धात दोराच्या दिशेने मोकळी होते. दोराच्या रेषेत उभा असलेला माणूस बाजूला होऊ शकत नाही, कारण त्याला ते दिसण्याइतकाही वेळ मिळत नाही.

धक्क्याने ओढण्यासाठी बनवलेले लवचीक नायलॉनचे पट्टे व दोर हे वेगळे साधन आहे. नऊ मीटरचा असा दोर 20 टक्के ताणला, तर तेवढ्याच ताणाखाली त्यात वरील उदाहरणाच्या सुमारे सातपट ऊर्जा साठते. तो विंचच्या दोराला जोडणे घातक आहे. तसेच ट्रेलर जोडण्याचा गोळा हा ओढीचा हूक नव्हे. तो गोळा मानेतून तुटून तोफगोळ्यासारखा काचेतून आत शिरल्याने माणसे दगावली आहेत.

ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नये, तो हाताने धरू नये आणि पायाने ढकलू नये. बघ्यांनी सुटलेल्या दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर थांबणे योग्य समजले जाते. कप्पी लावली असेल तर दोराच्या वळणाच्या आतील त्रिकोणात कोणीही नसावे, कारण कप्पी सुटल्यास दोर त्याच क्षेत्रातून झाडल्यासारखा जातो. दोरावर जाड घोंगडी, ओले पोते किंवा खास वजनदार आवरण टाकल्यास तुटलेले टोक खाली दबते. हे आवरण दोर पुढे सरकेल तसे मागे घ्यावे लागते आणि त्यासाठी आधी ओढ थांबवून ताण उतरवावा लागतो. आवरणाने धोका घटतो, संपत नाही. काचेच्या रक्षणासाठी बॉनेट उघडे ठेवण्याची पद्धतही आहे. तिने चालकाला समोरचे दिसेनासे होते, म्हणून इशारे देणारा माणूस अधिकच आवश्यक ठरतो.

बोटांना होणारी इजा ही मात्र ताण कमी असताना, दोर गुंडाळून घेतानाच होते. माणूस एका हाताने दोर सरळ करत असतो, दुसऱ्या हातात नियंत्रक असतो, आणि हात फेअरलीडमध्ये ओढला जातो. म्हणून हूक त्याला बांधलेल्या छोट्या पट्ट्यानेच धरतात आणि शेवटचे दीड-दोन मीटर थांबत-थांबत, बटण क्षणभर दाबून गुंडाळतात. तारदोरासाठी जाड चामड्याचे हातमोजे लागतात.

आधार

जिवंत व खोल मुळांचे झाड हा सर्वांत सोपा आधार होय. त्याला किमान 75 मिलिमीटर रुंदीचा पट्टा बुंध्याच्या शक्य तितक्या खाली गुंडाळून त्याची दोन्ही टोके शॅकलने जोडतात. विंचचा दोर थेट झाडाभोवती फिरवून हूक त्याच दोरात अडकवू नये. त्याने दोराला आढी पडते, साल सोलून निघते आणि साल पूर्ण वलयात निघाली तर झाड वाळते. मेलेले झाड बाहेरून भक्कम दिसले तरी ओढीने वाहनावरच कोसळू शकते.

सह्याद्रीतील पठारांवर व कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर बुंध्याचे झाड अनेकदा जवळपास नसते. तेथे जमिनीत घट्ट रोवलेला मोठा खडक चालतो, मात्र पट्ट्याखाली गोणपाट घालून कडांपासून तो जपावा लागतो. वाळूत सुटे चाक खोल आडवे पुरून त्याचा आधार करतात. ते काम कष्टाचे असते आणि खड्डा उथळ राहिला तर चाक उपटून येते. दुसरे वाहन आधार म्हणून वापरताना त्याच्या चाकांपुढे दगड किंवा लाकडी ठोकळे लावतात व ब्रेक दाबून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवतात. स्वयंचलित गिअरबॉक्स ‘पार्क’मध्ये ठेवून ओढ दिल्यास आतील खीळ मोडू शकते.

वापराची पद्धत

प्रत्यक्ष ओढ सुरू होण्याआधी एकच व्यक्ती इशारे देणारी ठरवतात. चालक फक्त तिचेच ऐकतो. ‘थांबा’ हा इशारा मात्र कोणीही दिला तरी पाळला जातो. इंजिनाच्या घरघरीत व पावसात आवाज पोहोचत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून घेतात.

क्लच मोकळा करून दोर हाताने आधारापर्यंत नेतात. हूक अडकवताना त्याचे तोंड वर ठेवतात, जेणेकरून तो सरळ होऊन सुटला तर खाली जमिनीकडे जावा. क्लच पुन्हा पूर्ण बसल्याची खात्री करून दोर जेमतेम ताठ होईपर्यंत गुंडाळतात आणि थांबतात. या थांब्यात सर्व जोडण्या, शॅकलची खीळ, पट्ट्याची जागा आणि माणसांच्या जागा पुन्हा तपासायच्या असतात. संपूर्ण प्रक्रियेत हा अर्धा मिनिट सर्वांत महत्त्वाचा आहे आणि अंधार पडू लागला की सर्वप्रथम गाळला जातो तोही हाच. ताण आलेला असताना क्लचचा दांडा कधीही हलवू नये. ड्रम बेभान फिरू लागतो.

त्यानंतर ओढ संथपणे, धक्के न देता चालवतात. चालक पहिल्या गिअरमध्ये चाके हळू फिरवून मदत करू शकतो. चाकांनी पकड घेऊन वाहन दोरापेक्षा वेगाने पुढे आले, तर दोर सैल पडून चाकाखाली जातो किंवा पुढच्या क्षणी झटका बसतो. दोर एका बाजूला तिरका येत असेल तर तो ड्रमच्या त्याच टोकाशी ढीग करतो. अशा वेळी थांबून, ताण उतरवून दोर नव्याने गुंडाळणे हाच उपाय आहे. वाहन सुरक्षित जागी आल्यावर ते ब्रेक व ठोकळ्यांनी स्थिर करून मगच दोर सोडवतात, कारण विंचचा ब्रेक हा वाहन उभे ठेवण्याचा ब्रेक नाही. माणसांना उचलण्यासाठी किंवा दरीत उतरवण्यासाठी ही विंच वापरू नये.

विजेचा भार

पूर्ण ओढीवर विद्युत विंच 400 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, तर वाहनाचा आल्टरनेटर साधारण 100 अँपिअर देतो. उरलेला प्रवाह बॅटरीतून येतो. म्हणून इंजिन चालू ठेवणे, मोठ्या ओढीत सुमारे एका मिनिटानंतर मोटरला विश्रांती देणे आणि जाड केबल वापरणे आवश्यक असते. जड भाराखाली विंचचा वेग मिनिटाला दीड-दोन मीटर एवढाच असतो. पाच मीटर सरकण्यास लागणारा वेळ विश्रांतीसह बराच होतो. समुद्रकिनारी भरती चढत असताना हे गणित निर्णायक ठरते. बॅटरीपासून विंचपर्यंतच्या केबलवर तोडस्विच बसवल्यास, बटण अडकून विंच स्वतःहून फिरत राहिल्यास ती थांबवता येते.

देखभाल

चिखलात वापरलेला दोर पूर्ण उलगडून साध्या पाण्याने धुतात, वाळवतात आणि थोड्या ताणाखाली एकसारखा परत गुंडाळतात. सैल गुंडाळलेल्या थरांत पुढच्या ओढीचा दोर रुतून अडकतो. कृत्रिम दोरावर तंतू वितळून चकाकी आली असेल किंवा विणीची एखादी लड तुटली असेल, तर तेवढा भाग कापून नवा जोड विणावा लागतो. अनेक महिने न वापरलेली विंच गंजून नेमक्या वेळी अडते, त्यामुळे ती अधूनमधून चालवून पाहतात.

भारतात

भारतात विंचचा प्रसार लष्कर, वनविभाग व आपत्ती निवारण यांच्या वाहनांबरोबरच महिंद्रा थार, फोर्स गुरखा यांसारख्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांच्या हौशी चालकांमुळे झाला. मलेशियातील ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती 2014 मध्ये गोव्यात ऐन पावसाळ्यात सुरू झाली. तिच्या अनेक टप्प्यांत विंचशिवाय पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात मात्र कोकणातील पुळणीवर रुतलेल्या पर्यटकांच्या मोटारी आजही बहुधा स्थानिकांचे ट्रॅक्टर, जेसीबी आणि प्रसंगी बैलगाड्याच बाहेर काढतात. अशा मदतीत मिळेल तो दोर आणि बंपरचा मिळेल तो भाग वापरला जातो व भोवती गर्दी जमते. वर सांगितलेला दोराच्या रेषेतील धोका तेथेही तितकाच असतो.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये वाहनांपुढील क्रॅश गार्ड व बुल बारवर कारवाई करण्याची सूचना राज्यांना दिली. पादचाऱ्यांना होणारी इजा आणि एअरबॅगच्या संवेदकांच्या कार्यात येणारा अडथळा ही त्यामागील कारणे होती. विंच बसवण्यासाठी लागणारे बाजारातील भारी पोलादी बंपर अनेकदा याच प्रकारात मोडतात. म्हणून काही चालक मूळ बंपरमागे दडणारे तबक वापरतात किंवा गरजेपुरती जोडता येणारी सुटी विंच जवळ ठेवतात.